विहिरीवरची सावली

शाबान २, सोमवार

ऐशतू मास्तरीणबाईंनी आज वही दिली आणि म्हणाल्या, "रोज लिही." मी विचारलं, काय लिहू? तर म्हणाल्या, "तर्बा, तुझं तोंड दिवसभर चालतं. त्यातलं थोडं हाताला दे." सगळा वर्ग खो खो हसला. बाई माझ्याहून लहान आहेत, पण जीभ कात्रीसारखी. त्यांची आजीही आमच्यासारखीच दुसऱ्याच्या तंबूत राबून मेली, म्हणून त्यांचं बोलणं लागत नाही.

"मी वाचणार नाही. पानं भरलीत का एवढंच बघेन," असंही म्हणाल्या. त्यांचे उपकार.

तर माझं नाव तर्बा. वय ठाऊक नाही. आई म्हणायची, टोळधाड आली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात झालीस. इथे शहरात, नुआकशोतच्या बाजारात मी कुसकुस विकते. पहाटे उठून रव्याचे दाणे स्वतःच्या हातानं वळते, स्वतःच्या टोपलीत भरते. टोपली माझी आहे हे लिहायला फार बरं वाटलं, म्हणून पुन्हा लिहिते. टोपली माझी आहे.

शाबान ५, गुरुवार

तीन दिवस काही घडलं नाही. आज घडलं. मास्तरीणबाईंनी आणि दासींना सोडवणाऱ्या त्यांच्या मंडळींनी माझ्याकडून तक्रार करवली. अंगठा नाही लावला, सही केली.

तक्रार झैदासाठी. झैदा माझी धाकटी बहीण. ती अजून तगांतच्या माळावर तेकबेरबाईंच्या तंबूत आहे. आजी त्यांची होती, आई त्यांची होती, मी त्यांची होते, झैदा त्यांची आहे. शेळ्या मोजाव्यात तसं झालं हे, पण असंच होतं. मी शेळ्यांच्या ट्रकमधून पळाले तेव्हा झैदा अंगावर पीत होती. आई म्हणाली, "तू जा. हिला घेऊन पळाले तर ही रडेल, आणि तिघी सापडू." मग ती तिथेच राहिली आणि तिथेच गेली. बातमी मला मिठाच्या ट्रकवाल्यानं सांगितली, तीही शिळी. झैदाला आणायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी कुत्री सोडली.

त्या पहिल्या ट्रकवाल्याचे उपकार. त्यानं मला शेळ्यांच्या मध्ये बसवलं आणि वाटेत कोणी विचारलं तर म्हणाला, "शेळ्याच आहेत." मास्तरीणबाई म्हणतात, "तू माशीचेही आभार मानशील, चावली नाही म्हणून." मानीन की. माश्या काही कमी चावल्या नाहीत.

शाबान ९, सोमवार

आज बाजार थंड, वाळूचं वादळ. घरात बसून जुनं आठवत होते.

तिथे माझा दिवस शेळ्यांच्या आधी सुरू व्हायचा. पाणी, जळण, मग दुधाची कातडी पिशवी हलवत बसायचं, लोणी येईपर्यंत. दूध आधी मालकांना, मग पाहुण्यांना, मग मालकांच्या पोरांना. शेवटी वाडगं आमच्याकडे यायचं. त्यात जे उरलं ते आमचं. मला लहानपणी वाटायचं, दूध असंच असतं, तळाला चिकटलेलं.

तेकबेरबाई धार्मिक. संध्याकाळी पोरांना जमवून कुराण शिकवायच्या. मी तंबूच्या बाहेर बसून ऐकायचे. बाहेर बसू द्यायच्या, हाकलायच्या नाहीत, त्याचे उपकार. एकदा त्या पोरांना म्हणाल्या, स्वर्ग आईच्या पायाखाली असतो. आम्हाला मात्र सगळे सांगायचे की तुमचा स्वर्ग मालकाच्या पायाखाली. मी आईला विचारलं, खरं कुठलं? आई जळण मोडत होती. म्हणाली, "मालकाच्या पायाला मी रोज तेल लावते. तिथे भेगांशिवाय काही नाही."

मी घाबरून इकडे तिकडे पाहिलं. आईला तोंड आवरायचं कळतच नसे. माझं तोंड तिच्यावरच गेलंय.

शाबान १३, शुक्रवार

जुम्म्याच्या दिवशी आईची आठवण जास्त येते. आज तिनं मार खाल्ला त्याबद्दल लिहिते.

तो दुष्काळ होता. शेळ्या आटल्या होत्या. माझा छोटा भाऊ नुकताच गेला होता आणि आईची छाती दुधानं दुखायची. त्याच सुमारास तेकबेरबाईंना मुलगा झाला, सीदाती. त्यांना दूधच येईना. आमच्याकडे मालकांची पोरं दासींनी पाजायची हे काही नवीन नाही, पण तेकबेरबाईंनी सगळ्या सासरच्यांसमोर शपथ घेतली होती की माझ्या मुलाच्या हाडात दासीचं दूध जाणार नाही. बोलून बसल्या. पोर वाळत चाललं. रडायचंही थांबलं.

आई त्याला पाठीवर बांधून कपडे धुवायला विहिरीवर घेऊन गेली. मी बरोबर होते. विहिरीवर इतर तंबूंतल्या बायका होत्या. आई सगळ्यांच्या मधोमध बसली आणि त्याला अंगाशी लावलं. सीदाती असा प्यायला की घुटके ऐकू येत होते. मला राग आला. माझ्या भावाचं दूध हा का पितोय? मग आईनं त्याला दोन्ही हातांनी वर उचललं आणि ओरडून म्हणाली, "बायांनो, नीट बघून ठेवा! यानं माझं दूध प्यायलंय. माझ्या पोटी आल्या आणि येतील त्या सगळ्या पोरींचा हा भाऊ!"

मला वाटलं, झालं, लागली मिरवायला. पोटी आलेली तर मी एकटीच होते.

परत आलो तर बाळाच्या ओठावर दूध. तेकबेरबाईंनी तंबूच्या दोरानं आईला झोडपलं आणि सांगितलं, ही गोष्ट पुन्हा कोणाच्या तोंडून निघाली तर बघा. एवढ्यावर सुटली, त्याचे उपकारच म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नाही. दुसऱ्या दिवसापासून तेकबेरबाई स्वतः बाळ आईच्या पाठीवर बांधून द्यायच्या. म्हणायच्या, "विहिरीवर घेऊन जा, इथे ऊन फार आहे." विहिरीवर तर सावलीचं नाव नव्हतं. एक झाड नाही, एक भिंत नाही. एवढ्या शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?

शाबान १८, बुधवार

आज काझींसमोर उभी राहिले.

सीदाती आला होता. निळा कडक झगा, हातात गाडीची किल्ली. आता त्याचं शहरात दुकान आहे, तेकबेरबाईही माळावरून औषधपाण्यासाठी त्याच्याच घरी आल्या आहेत. त्याच्या मागे झैदा. किती उंच झालीय! आईचीच मान. अंगभर गुंडाळलेला नवा मेल्हफा, हातांवर ताजी मेंदी. अशी मेंदी नवरीला लावतात.

काझी म्हणाले, "या देशात आता कोणी कोणाचं गुलाम नाही." सीदाती लगेच म्हणाला, "तेच म्हणतोय, काझीसाहेब. ही गुलाम नाहीच. माझी बायको आहे. नवऱ्याच्या घरातून बाईला उचलून न्यायची तक्रार कुठल्या कायद्यात बसते?"

काझींनी झैदाला विचारलं, "तुला हे लग्न मान्य आहे?"

झैदा जमिनीकडे बघत म्हणाली, "सीदाती म्हणतील तसं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. कशी दाखवणार? मी निघाले तेव्हा तिला दातही नव्हते. बाहेर मास्तरीणबाई रागानं लाल. "सगळे हीच चाल खेळतात," म्हणाल्या. "दासी म्हटलं तर तुरुंग, बायको म्हटलं तर मुबारक!" काझींनी रमजानच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली. तोवर झैदा तेकबेरबाईंजवळ झोपेल, नवऱ्याजवळ नाही, एवढं मात्र लिहून घेतलं. काझींचे उपकार.

घरी आल्यावर मनात आलं, झैदाला यायचंच नसेल तर? माझ्याकडे तरी काय आहे? एक खोली, एक टोपली.

शाबान १९, गुरुवार

सीदाती बाजारात आला. गाडीतून उतरलाच नाही, काच खाली करून म्हणाला, "तर्बा, कशाला डोकं फोडतेस? तुझी बहीण राणीसारखी राहील. तूसुद्धा ये. अम्मा अजून म्हणते, तर्बासारखे पाय कोणी दाबत नाही."

मास्तरीणबाई शेजारी उभ्या होत्या, कुसकुस घ्यायला आल्या होत्या. मी हसून म्हटलं, "अल्ला तुला सुखी ठेवो." त्यानं काच वर केली. गाडी निघाल्यावर मात्र माझी जीभ सुटली. म्हटलं, "माझ्या आईच्या दुधावर जगला आणि आता माझ्याच बहिणीला मेंदी लावतोय, मेला!"

मास्तरीणबाईंच्या हातातलं माप तसंच राहिलं. "काय म्हणालीस?"

"मेला म्हणाले. चुकलं."

"त्याच्या आधी काय म्हणालीस? तुझ्या आईनं ह्याला पाजलंय? अंगावर?"

"हो, विहिरीवर. दुष्काळात."

"अगं बाई!" त्यांनी माप टोपलीत टाकलं आणि डोक्याला हात लावला. "इतके दिवस दुनियाभरचं बोललीस आणि हे पोटात ठेवलंस? एक घोट पुरतो, तर्बा. आपल्याकडे एक घोट पुरतो! एका छातीचं दूध प्यायलेली भावंडं. तो झैदाचा भाऊ आहे. भावाचं बहिणीशी लग्न लागतं का?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, दूधभाऊ काय असतो हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण तो नियम त्यांच्यात आणि आमच्यात चालतो, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, नियम त्यांच्या तंबूतले. बाहेर बसून ऐकायचे.

शाबान २४, मंगळवार

मास्तरीणबाई काझींकडे जाऊन आल्या. काझी म्हणाले, तर्बा मुलीची सख्खी बहीण, तिच्या एकटीच्या शब्दावर भागणार नाही. दुसरी बाई हवी. विहिरीवरच्या बायका कोण होत्या, कुठल्या तंबूंच्या, आता कुठे सापडणार? त्या दुष्काळानं माणसं वाळूसारखी उडवली.

एकच बाई उरली. उद्या जाते.

शाबान २५, बुधवार

गेले.

सीदातीचं घर मोठं, पण तेकबेरबाई अंगणात तंबू टाकूनच राहतात. भिंतीत त्यांना झोप येत नाही. मी वहाणा बाहेर काढल्या आणि चटईच्या कडेला, वाळूत बसले. कोणी बसायला सांगितलं नव्हतं तिथे, पाय आपोआप गेले. झैदा चहा करत होती. तिनं पहिला पेला तेकबेरबाईंना दिला. मला दिला नाही, दासीला पाहुणी कोण म्हणतं? तेकबेरबाईच म्हणाल्या, "तिलाही दे." त्यांचे उपकार.

फार थकल्यात. हाडांवर कातडं. पाय पुढे केले. मी दाबू लागले.

"हात तसाच आहे तुझा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मालकीणबाई, सीदातीनं माझ्या आईचं दूध प्यायलंय. काझींना एवढं सांगाल?"

त्यांनी पाय ओढून घेतले. "मी काही पाहिलं नाही."

"त्याच्या ओठावर पाहिलंत."

"कोणत्या तोंडानं बोलतेस? त्या तंबूत वाढलीस, आमचं अन्न खाल्लंस."

"खाल्लं, मालकीणबाई. उपकार आहेत. पण हा भाऊ होऊन बहिणीला घरात घेणार, त्याला ठाऊकसुद्धा नाही. पाप कोणाच्या माथी बसेल?"

"मला धर्म शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलात. मी बाहेर बसून ऐकत होते."

त्यांनी माळ हातात घेतली आणि तोंड फिरवलं. चहाचा दुसरा पेला आला नाही. तीन पेले झाल्याशिवाय पाहुण्याला कोणी उठवत नाही, म्हणजे मला काय सांगायचं ते सांगून झालं होतं. दाराशी झैदा आली. हळूच म्हणाली, "आई खरंच तोंडाळ होती का? इथे सगळे तसंच सांगतात." मी म्हटलं, "होती." तिला हसू आलं. पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. एक दात वाकडा आहे, माझ्यासारखाच.

रमजान १, सोमवार

उपास. घसा कोरडा, डोकं रिकामं. तेकबेरबाई येणार नाहीत. इतक्या वर्षांची बढाई त्या कशाला मोडतील? दुसरी साक्ष नाही. मास्तरीणबाई धीर देतात, पण त्यांच्या आवाजातला दम गेलाय.

आज उपकार मानायला कोणी सुचत नाही.

रमजान ४, गुरुवार

लगेच लिहिते. विसरायचं नाहीये.

काझींसमोर सीदाती हसत उभा होता. मी दुधाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काझीसाहेब, माझी आई जिवंत आहे. दासीचं दूध तिनं माझ्या ओठाला लागू दिलं नाही, हे अख्खा तगांत सांगेल. तिलाच विचारा. मी मुद्दाम घेऊन आलोय." त्याला इतकी खात्री होती.

तेकबेरबाईंना दोघांनी धरून आणलं. झैदा त्यांची पिशवी घेऊन मागे. काझी म्हणाले, "अम्मा, रमजान आहे. तुमच्या मुलानं मस्ऊदाचं दूध प्यायलं?"

मस्ऊदा. माझ्या आईचं नाव त्या खोलीत इतक्या मोठ्यानं घेतलं गेलं.

तेकबेरबाई माळ फिरवत राहिल्या. सीदाती म्हणाला, "सांग ना, अम्मा."

"प्यायला," त्या म्हणाल्या.

"अम्मा!"

"गप्प बस. पहिल्या दिवशी तिनं पाजलं, मी तिला मारलं. दुसऱ्या दिवसापासून मीच पाठवत होते. इथे ऊन फार आहे, विहिरीवर घेऊन जा, म्हणत होते." त्या काझींकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. "विहिरीवर कुठली आली सावली!"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, रोज ठाऊक होतं, आणि सीदाती मोठा झाल्यावर "त्यांच्या झोपडीकडे फिरकू नकोस" म्हणून त्याच्यावर ओरडायच्या ते आमचा वास येतो म्हणून नव्हे, मी त्याची बहीण म्हणून. मी इतकी वर्षं त्या ओरडण्याला अपमान समजत आले.

काझी म्हणाले, "हे लग्न कधी लागलंच नाही. ही तुझी बहीण आहे, सीदाती. आणि बायको नाही तर ती तुझ्या घरात का आहे, याचं उत्तर तुला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे द्यावं लागेल. मुलगी तिच्या बहिणीबरोबर जाईल."

मग त्यांनी झैदाला विचारलं, "जातेस ना?" झैदानं सवयीनं सीदातीकडे पाहिलं. मग तेकबेरबाईंकडे. मग हातातली पिशवी तेकबेरबाईंच्या पायाशी ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

बाहेर मास्तरीणबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. "झैदा, आता तो भाऊ आहे तुझा. ईदला जा आणि नवे कपडे माग!"

तेकबेरबाई गाडीत बसताना मी जवळ गेले. उपकार म्हणायला तोंड उघडलं होतं. तो दोर आठवला, आणि शब्द बाहेर आलाच नाही. मी फक्त गाडीचं दार लावून दिलं. पोराला त्यांनी पापातून वाचवलं, ते त्यांचं पुण्य त्यांना लाभो. माझ्यावरचे उपकार दुसऱ्या कोणाचे आहेत.

रमजान ५, शुक्रवार

संध्याकाळी खजूर मांडले, वाडग्यात दूध-पाणी-साखर घुसळली. मास्तरीणबाई आणि शेजारच्या दोघी आल्या होत्या. बांग झाली. झैदा वाडगं घेऊन उभी. मास्तरीणबाईंना दिलं, शेजारणींना दिलं, मला दिलं, आणि स्वतः दारापाशी जाऊन थांबली, वाडगं परत येण्याची वाट बघत.

मी तोंडाला लावलं नाही. उठले, वाडगं तिच्या हातात दिलं. "पी."

"आधी तुम्ही."

"तुम्ही कोणाला म्हणतेस गं? बहिणीला तुम्ही म्हणतात?"

"मग आधी तू," ती म्हणाली, आणि पुन्हा तो वाकडा दात.

"आधी तू. भरलेलं आहे तोवर पी."

ती प्यायली. उभ्यानंच प्यायली, घुटके ऐकू येत होते. वाडगं खाली केलं तेव्हा तिच्या ओठावर दूध होतं. मला विहीर दिसली, आई दिसली, दोन्ही हातांनी ते पोर वर उचललेली. माझ्या पोटी आल्या आणि येतील त्या सगळ्या पोरींचा हा भाऊ. मी समजत होते ती मिरवतेय. ती साक्षीदार गोळा करत होती. पाठीवर दोर पडणार हे तिला ठाऊक असणारच. झैदा तेव्हा कुठे होती? जन्मायला अजून कितीतरी वर्षं होती. माझ्या झोपडीकडे सीदाती कधी फिरकला नाही, त्यासाठी मी आजवर अल्लाचे उपकार मानत आले. आईचे कधी मानले नाहीत. माणूस आपल्याच आईचे कसे मानणार, असं वाटायचं. तिच्या दुधाचे पांग मी काय फेडणार, तिनं तर आमच्या वाटचं शत्रूच्या पोरालाही पाजलं आणि त्याला आमचा पहारेकरी करून ठेवलं.

आई, उपकार. आई, तुझे उपकार.

झैदा आता झोपलीय, खोलीच्या मधोमध, कडेला नाही. तिला मी सगळं सांगितलं, मारासकट. तिनं एकच विचारलं, "विहीर उन्हात होती म्हणतेस, मग आई रोज तिथे बसायची कशी?"

मागच्या एका पानावर मी लिहिलंय की विहिरीवर सावलीचं नाव नव्हतं. ते खोडलं. होती. आईची.